दर्या असो वा नदी, धोका तोच : मासेमारांच्या जीवरक्षणाची माहिती

रायगड जिल्ह्याची ओळख दर्यावर्दी जिल्हा अशी आहे. अलिबाग, उरण, मुरूड आणि श्रीवर्धन तालुक्यांतील हजारो कुटुंबे समुद्रावर अवलंबून आहेत. मात्र याच जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांना समुद्र लाभलेला नसला, तरी मासेमारी तेथेही होते. उल्हास, पाताळगंगा, पेज या नद्या, लहानमोठी धरणे आणि गावतळी यांवर कातकरी, ठाकर व इतर ग्रामस्थांची उपजीविका काही अंशी चालते. समुद्रात जाणाऱ्या बोटीसाठी हवामानाचा इशारा, बंदीचा काळ, जीवरक्षक साधने आणि तटरक्षक दल अशी व्यवस्था उभी राहिली आहे. घाटपायथ्याच्या नदीत जाळे टाकणाऱ्यासाठी अशी व्यवस्था जवळपास नाही. पाण्यात जीव वाचविण्याची तत्त्वे मात्र दोन्हीकडे सारखीच आहेत. त्यामुळे दर्यावरील अनुभव नदीकाठीही उपयोगी पडणारा आहे.

मासेमारी हा जगातील सर्वाधिक धोक्याच्या व्यवसायांपैकी एक मानला जातो. पाण्यात बुडून होणाऱ्या मृत्यूंची संख्या २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख होती, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात नमूद आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिन म्हणून जाहीर केला. रायगडकरांच्या मनात त्यानंतरची २६ जुलै ही तारीख २००५ च्या महापुरामुळे कायमची कोरली गेली आहे.

दर्यावरील दोन घटना

२०२५ या एकाच वर्षात रायगडच्या समुद्रात घडलेल्या दोन घटना बोलक्या आहेत. २८ फेब्रुवारी रोजी पहाटे अलिबागजवळील आक्षीच्या समुद्रात एका मासेमारी बोटीला आग लागली. बोटीचा मोठा भाग जळाला. परंतु तटरक्षक दल व नौदलाच्या मदतीने बोटीवरील सर्व अठरा खलाशी वाचले. दुसरी घटना २६ जुलैची. उरण तालुक्यातील करंजा येथील बोट खांदेरी किल्ल्याजवळ खवळलेल्या समुद्रात उलटली. बोटीवरील आठपैकी पाच जण सुमारे नऊ तास पोहत किनाऱ्याला लागले; तिघांना प्राण गमवावे लागले.

पहिल्या घटनेत समुद्र तुलनेने शांत होता आणि मदत वेळेत पोहोचली. दुसरी घटना पावसाळी मासेमारी बंदीच्या काळातील होती. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना २०२५ मध्ये १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी होती. बंदीचा हेतू केवळ माशांच्या प्रजननाला संधी देणे एवढाच नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र सर्वाधिक धोकादायक असतो, म्हणून मच्छीमारांच्या जीवितरक्षणासाठीही ती लागू केली जाते. बंदीत बाहेर पडलेल्या बोटीच्या आसपास इतर बोटी नसतात. समुद्रात पहिली मदत बहुधा शेजारच्या बोटीचीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या एकटेपणाचा धोका उमगतो.

इशारा ऐकणे हेच पहिले साधन

भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी स्वतंत्र इशारे देतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांची उंची, वारा व प्रवाह यांचा अंदाज प्रसिद्ध करते. बंदरांवर धोक्याचे बावटे लावले जातात. २०१७ च्या अखेरीस आलेल्या 'ओखी' वादळात केरळ व तामिळनाडूतील अनेक बोटी खोल समुद्रात होत्या. त्यांतील काही बोटी भरकटत व आसरा शोधत सिंधुदुर्गातील देवगड बंदरात पोहोचल्या आणि शेकडो खलाशांचे प्राण वाचले. त्याच वादळात दक्षिणेकडील अनेक मच्छीमार मात्र परतले नाहीत. किनाऱ्यावर दिलेला इशारा खोल समुद्रातील बोटीपर्यंत पोहोचत नाही, ही त्रुटी तेव्हा प्रकर्षाने पुढे आली.

ती दूर करण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेली उपग्रहाधारित यंत्रे उपयोगी ठरतात. संकटसूचक यंत्राचे बटण दाबताच बोटीचे स्थान तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्राला कळते. यंत्राच्या दुसऱ्या पिढीत संदेश मिळाल्याची पोचही बोटीवर येते. ही पोच महत्त्वाची आहे. मदत निघाली आहे, हे कळल्यावर खलाशी बोट सोडून घाईने पाण्यात उडी घेत नाहीत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. त्याद्वारे भ्रमणध्वनीच्या कक्षेबाहेरही दुहेरी संदेशवहन शक्य होते.

व्हीएचएफ रेडिओवरील १६ क्रमांकाची वाहिनी ही संकटकाळाची जागतिक वाहिनी आहे. तिच्यावरून संदेश देताना बोटीचे नाव, स्थान, संकटाचे स्वरूप आणि माणसांची संख्या या चार गोष्टी सांगणे आवश्यक असते. तांडेलाखेरीज किमान आणखी दोघांना रेडिओ व संकटसूचक यंत्र वापरता आले पाहिजे. तांडेलच जखमी झाला, तर बोट मुकी होते.

बोट उलटते ती कशामुळे

बोट लाटेने उलटते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लाट हे बहुतेक वेळा शेवटचे निमित्त असते. डेकवर रचलेली जड जाळी व बर्फाची खोकी, उघडी राहिलेली झाकणे, खणात साचून इकडून तिकडे हलणारे पाणी आणि समुद्रतळाशी अडकलेले जाळे इंजिनाच्या जोरावर ओढण्याचा प्रयत्न, ही बोटीचा तोल जाण्याची मुख्य कारणे आहेत. जाळे अडकल्यास इंजिनाचा वेग ताबडतोब कमी करणे आणि वेळ पडल्यास दोर तोडणे हाच उपाय असतो. जाळ्याची किंमत मोठी असते, त्यामुळे दोर तोडण्याचा निर्णय लांबतो. हा निर्णय कोणी व केव्हा घ्यायचा, हे नाखवा आणि तांडेल यांनी बंदर सोडण्यापूर्वीच ठरवून ठेवले पाहिजे.

आगीच्या बाबतीत इंजिनाची खोली आणि स्वयंपाकाचा गॅस ही दोन ठिकाणे महत्त्वाची आहेत. डिझेलच्या आगीवर पाणी ओतल्यास आग पसरते. इंधनाचा पुरवठा बंद करणे, खोलीचे झाकण लावून हवा तोडणे आणि अग्निशामक नळकांडे वापरणे हा क्रम आहे. नळकांडे इंजिनाच्या खोलीत ठेवले, तर आग लागल्यावर त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. ते बाहेर दाराशी असावे.

जीवरक्षक जाकीट खुंटीला नको

अनेक बोटींवर जाकिटे असतात. पण ती तपासणीपुरती खणात बांधून ठेवलेली असतात. बोट उलटण्यास काही सेकंद लागतात आणि त्या काळात जाकीट शोधणे, गाठ सोडणे व घालणे अशक्य असते. खवळलेल्या पाण्यात जाकीट अंगावर चढविणे पोहणाऱ्यालाही साधत नाही. जाकिटाने कामात अडथळा येतो, उकडते, जाळ्यात अडकते अशा तक्रारी खलाशी करतात व त्या निराधार नाहीत. रात्रीचे काम, जाळे ओढणे, खराब हवामान, बोटीच्या कडेवरील काम आणि बंदराच्या तोंडाशी प्रवेश या पाच वेळी तरी जाकीट अंगावर असणे, हा व्यवहार्य मध्यममार्ग आहे. प्रत्येक जाकिटाला शिटी असावी. ओरडणाऱ्याचा आवाज लवकर बसतो, शिटीला मात्र फारशी शक्ती लागत नाही.

पाण्यात पडल्यानंतर वाचण्याचे नियम साधे आहेत. उलटलेली बोट तरंगत असेल, तर तिला सोडू नये. शोध घेणाऱ्या विमानाला किंवा जहाजाला माणसाच्या डोक्यापेक्षा बोट कितीतरी लवकर दिसते. सर्वांनी एकत्र राहावे. हात छातीशी व गुडघे पोटाशी घेऊन अंगातील ऊब राखावी. अरबी समुद्राचे पाणी उबदार असले, तरी पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. त्यामुळे अनेक तासांनंतर येथेही थंडीने ग्लानी येऊ शकते. समुद्राचे पाणी पिऊ नये. त्यातील मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीरातील त्याहून अधिक पाणी खर्च होते. हातातील लाल ज्योत, आकाशात उडणारा दिवाबाण आणि दिवसा नारिंगी धूर ही इशाऱ्याची साधने जहाज किंवा विमान दृष्टीस पडल्यावरच वापरावीत.

घाटपायथ्याचे वेगळे पाणी

कर्जत व खालापूर तालुक्यांत समुद्राच्या लाटा नाहीत. पण पाण्याची अचानक वाढ हा त्याहून फसवा धोका आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण सह्याद्री. मोसमी वारे घाटाला अडून लोणावळा, खंडाळा, माथेरान परिसरात मुसळधार पाऊस पाडतात. हे पाणी तीव्र उतारावरून उल्हास आणि पाताळगंगेत अल्पावधीत उतरते. कर्जत किंवा खालापूर गावात ऊन पडलेले असतानाही वरच्या पावसाने नदी फुगू शकते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरामुळे बदलापूर ते वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटी आणून बाहेर काढावे लागले. ज्या नदीने रेल्वेगाडी अडविली, तीच नदी काही किलोमीटर वर कर्जत तालुक्यातून वाहते.

दुसरे कारण वीजनिर्मिती. टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ मध्ये, तर भिवपुरी केंद्रातून १९२२ मध्ये वीज मिळू लागली. घाटमाथ्यावरील जलाशयांचे पाणी मोठ्या नळांवाटे खाली आणून जनित्रे फिरविली जातात आणि वापरलेले पाणी खोपोली येथे पाताळगंगेत व भिवपुरी येथून पेज नदीत सोडले जाते. उन्हाळ्यातही या नद्या वाहत्या राहतात त्या यामुळेच. विजेच्या मागणीनुसार जनित्रे सुरू व बंद होतात आणि नदीची पातळी त्याप्रमाणे बदलते. भर उन्हाळ्यात, आकाश निरभ्र असताना पात्रातील खडकावर गळ टाकून बसलेला माणूस पाण्याने वेढला जाऊ शकतो. याच प्रकारचे पाणी भिरा केंद्रातून कुंडलिकेत सोडले जाते. कोलाड येथील राफ्टिंगचे वेळापत्रक त्या पाण्याच्या वेळेवर बेतलेले असते आणि सहभागी व्यक्तींना जाकीट व शिरस्त्राण घालावे लागते. पर्यटकाला जी सावधगिरी सक्तीची आहे, ती रोजीरोटीसाठी पाण्यात उतरणाऱ्याला उपलब्धही नसते, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

वलगणीचा मोह

पावसाच्या पहिल्या पुरात अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढे, नाले व शेतांकडे चढतात. रायगडमध्ये यांना वलगणीचे मासे म्हणतात. या दिवसांत अबालवृद्ध टोपल्या, पाग आणि बत्त्या घेऊन नदीनाल्यांवर गर्दी करतात. मासे हमखास मिळतात, बाजारात भाव चांगला येतो आणि वर्षाच्या सुरुवातीची ही कमाई आदिवासी वाड्यांसाठी मोलाची असते. धोकाही याच वेळी सर्वाधिक असतो. रात्र, गढूळ पाणी, निसरडे खडक आणि वाढता प्रवाह एकत्र येतात.

गुडघ्याच्या खाली असलेले वेगवान पाणीसुद्धा माणसाचे पाय उचलू शकते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी मासे गोळा होतात, म्हणून माणसेही तेथेच गोळा होतात. परंतु बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरून वस्तूला पुन्हा भिंतीकडे ओढते. वरून शांत दिसणाऱ्या या भोवऱ्यातून पट्टीचा पोहणाराही सहज सुटत नाही. प्रवाहात वाहून जाणाऱ्याने तळाला पाय टेकून उभे राहण्याचा प्रयत्न करू नये; दगडांत पाय अडकल्यास पाण्याचा जोर त्याला खाली दाबतो. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून तिरक्या रेषेत काठाकडे सरकावे.

अंगाला बांधलेला पाग हाही घातक ठरतो. पागाचा दोर मनगटात घट्ट अडकविण्याची पद्धत आहे. त्याऐवजी एका झटक्यात सुटेल असा फास ठेवावा आणि कमरेला धारदार कोयता किंवा सुरी असावी. सुरुंगाची दारू, विष किंवा विजेच्या तारांतून प्रवाह सोडून मासे मारण्याचे प्रकार तर स्वतःच्या जिवावर उठणारे आहेत. स्फोटके व विष यांचा वापर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. अंडी भरलेल्या माशांची सरसकट पकड झाल्यास पुढील वर्षीची वलगण रोडावते, हा मुद्दाही अभ्यासक मांडत आले आहेत.

धरणातील मासेमारी

जलाशयांमध्ये मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. तेथे होडीऐवजी थर्मोकोलचे तराफे किंवा वाहनांच्या हवा भरलेल्या ट्यूब वापरण्याची प्रथा राज्यभर आढळते. ही साधने स्वस्त असली, तरी दुपारनंतर सुटणाऱ्या वाऱ्यात त्यांवर ताबा राहत नाही आणि ट्यूब फुटल्यास आधार उरत नाही. बुडालेल्या झाडांत अडकलेले जाळे सोडविण्यासाठी बुडी मारणे हे जलाशयातील मृत्यूचे एक नेहमीचे कारण आहे. संस्थेने सभासदांना जाकिटे पुरविणे, दोघांनी मिळूनच पाण्यात जाणे आणि परतण्याची वेळ काठावरील व्यक्तीला सांगून ठेवणे, हे तीन नियम पाळले तरी मोठा फरक पडू शकतो. विजांचा कडकडाट होत असताना उघड्या पाण्यावर थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप परिसरातील विजांची आगाऊ सूचना देते.

मदत पोहोचेपर्यंत

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने बचाव पथकांना अंधारात, पावसात चढून जावे लागले. संकट कोणतेही असो, पहिल्या तासात शेजारीच मदतीला असतात, हे त्या रात्री पुन्हा दिसले. खोपोलीतील 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' आणि 'यशवंती हायकर्स' यांसारख्या स्वयंसेवी पथकांनी या भागात बचावकार्याची परंपरा निर्माण केली आहे. बुडणाऱ्याला मात्र एक तास नसतो, काही मिनिटेच असतात. म्हणून गावातील माणसांनाच तयार राहावे लागते.

बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी थेट उडी घेणे हे दुहेरी मृत्यूचे मोठे कारण आहे. प्रथम काठी, साडी, फांदी पुढे करावी. ती न पुरल्यास दोर फेकावा. पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन दोराच्या टोकाला बांधला की उत्तम फेकदोर तयार होतो. त्याला जवळजवळ खर्च नाही. प्रत्येक बंधारा, घाट व जलाशयाच्या काठावर असा दोर टांगून ठेवणे ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे.

बाहेर काढलेल्या व्यक्तीला उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार घातक आहेत. त्यात वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. व्यक्ती श्वास घेत नसेल, तर तिला कठीण जागी उताणे ठेवून हनुवटी उचलावी, तोंडाने काही श्वास द्यावेत आणि छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाब द्यावा. त्यानंतर दोन श्वास, पुन्हा ३० दाब हा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत सोडू नये. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीलाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

विम्याचे संरक्षण

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंतर्गत मच्छीमारांसाठी समूह अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख रुपये आणि रुग्णालयातील उपचारांसाठी २५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. हप्त्याचा भार मच्छीमारावर पडत नाही आणि ही योजना गोड्या पाण्यातील मच्छीमारांनाही लागू आहे. मात्र त्यासाठी नाव नोंदलेले असावे लागते. वाडीतील जो माणूस कोणत्याही संस्थेचा सभासद नाही, तो सर्वाधिक असुरक्षित पाण्यात उतरतो आणि त्याच्याच कुटुंबाला या संरक्षणाबाहेर राहण्याची वेळ येते. सहकारी संस्था, ग्रामपंचायत आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी पावसाळ्यापूर्वी वाडीवाडीवर नोंदणी केल्यास ही उणीव भरून निघू शकते.

लक्षात ठेवावे असे क्रमांक

समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दल : १५५४
सागरी पोलीस : १०९३
सर्व प्रकारची तातडीची मदत : ११२
रुग्णवाहिका : १०८
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७

पाण्यात उतरण्यापूर्वी

- हवामानाचा इशारा पाहावा. नदीवर असल्यास घाटमाथ्यावरील पावसाची चौकशी करावी.
- कोठे जात आहोत व केव्हा परतणार, हे घरी सांगावे.
- एकट्याने जाऊ नये. मद्यपान करून तर मुळीच नाही.
- जाकीट अंगावर, शिटी गळ्यात, सुरी कमरेला आणि विजेरी व मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत असावा.
- पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला, तर जाळे सोडून ताबडतोब उंच काठ गाठावा.